दोघींचा समुद्र

ओल्या तैलरंगाला एक वास असतो. जवसाच्या तेलाचा, थोडा तुरट, थोडा ऊबदार. तो वास नव्या भाताच्या पेंढ्याच्या वासात मिसळला की त्यातून एक तिसराच, अनामिक गंध जन्माला येतो, हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं. किन्हवलीच्या पुढे, डांबरी रस्ता संपून लाल माती सुरू होते तिथल्या एका वाडीत, वनिताच्या पडवीत बसून आम्ही दोघी समुद्र रंगवत होतो. एका बाजूला कौलांना टेकलेला पेंढा, दुसऱ्या बाजूला भिंतीशी उभा केलेला दाराएवढा कॅनव्हास आणि मधल्या चिंचोळ्या जागेत निळ्या रंगाने कोपरापर्यंत माखलेल्या, पन्नाशीला पोचलेल्या दोन बायका!

तुम्ही विचाराल, या डोंगरांच्या मुलखात समुद्र कुठून आला? प्रश्न रास्तच आहे. आमच्याकडे पाणी आहे ते धरणाचं. भिंतीआड शांत बसलेलं, आज्ञाधारक. समुद्र तसा फार दूर नाही, पण शेजारच्या गावात राहूनही ज्याच्याकडे कधी जाणं होत नाही अशा नातेवाइकासारखा तो आम्हाला ऐकूनच ठाऊक. त्याला आमच्या चित्रांत आणलं ते दळवी सरांनी. हे आमच्या चित्रमंडळाचे चालक, निवृत्त चित्रकला शिक्षक. शहापुरात एका शाळेच्या वर्गात आम्ही हौशी मंडळी रविवारी जमतो आणि वर्षाकाठी एक प्रदर्शन भरवतो. पाऊस सरता सरता सरांनी जाहीर केलं, “दरवर्षी माहुलीचा डोंगर, दरवर्षी भातखाचरं! यंदा डोंगर बंद. यंदा समुद्र. आणि एकेकट्याने नाही, जोडीने. दोघांत एक मोठं चित्र.”

जोड्या भराभर ठरल्या. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही, कारण माझी जोडी कोण हे साऱ्यांना ठाऊक होतं आणि तिची खुर्ची वर्षभर रिकामी होती, हेही.

वनिताची आणि माझी ओळख त्याच वर्गातली. मी शाळेत मराठी शिकवणारी, शब्दांत रमणारी. ती भात लावणारी, भेंडी पिकवणारी, एसटीने येऊन मागच्या बाकावर बसणारी. पहिल्याच दिवशी माझ्या चित्राकडे बघून ती म्हणाली होती, “ही झाडं हायत का कोथिंबिरीच्या जुड्या?” मला राग आला आणि त्या रागातच मैत्री झाली. पुढच्या रविवारी मी तिच्या आभाळाला साबणाचं पाणी म्हटलं. तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या चित्रांवर इतक्या प्रामाणिकपणे तुटून पडत आलो की सर आम्हाला मुद्दाम शेजारी बसवत. ती मला ‘मास्तरीण’ म्हणे, मी तिला ‘वने’. हात तिचा श्रेष्ठ होता, याविषयी मात्र मला कधी शंका नव्हती. ब्रश तिच्या बोटांत असा वावरे, जणू तो तिथेच उगवला आहे.

मग समुद्राचा विषय निघण्याच्या आदल्या हिवाळ्यात, भाताच्या झोडणीच्या दिवसांत, तिच्या उजव्या डोळ्यात भाताचं कूस गेलं. केसाहून बारीक, सोनेरी, निरुपद्रवी वाटणारं एक कूस! तिने पाणी मारलं, पदराच्या बोळ्यावर फुंकर घालून डोळा शेकला आणि हातातलं काम संपवलं, कारण खळ्यावर भात पडलेलं असताना डोळ्याचं कौतुक कोण करत बसणार? डॉक्टरांकडे पोचेपर्यंत बुबुळ चिघळलं होतं. जखम भरली, पण बुबुळावर पांढरा डाग राहून नजर गेली; डोळ्यात फूल पडलं. फूल! आपली भाषा तरी किती विचित्र. अंधारालाही तिने कसलं सुकुमार नाव द्यावं!

एका डोळ्याने रंग दिसतात, आकार दिसतात. हरवतं ते अंतर. कपाची कड कुठे संपते, उंबरा किती उंच आहे, समोरची फांदी हाताशी आहे की हातभर दूर, हे दोन डोळे मिळून आपल्याला सतत सांगत असतात आणि आपण त्यांचे कधी आभारही मानत नाही. वनिताचं जग एकाएकी भिंतीवरच्या चित्रासारखं सपाट झालं. ती घराबाहेर पडेनाशी झाली. मंडळात तर आलीच नाही.

समुद्राचा विषय घेऊन मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिने चहा केला. ओतताना किटलीची चोच आधी कपाच्या कडेला टेकवली, खण्ण असा बारीक आवाज झाला, मग चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. मी नजर दुसरीकडे वळवली.

“माझ्याच्यानं नाय व्हायचं गो,” ती म्हणाली. “ब्रश टेकवायला जाते तर हवेतच राहतो. नायतर भसकन घुसतो. लोकांत हसं कशाला करून घेऊ?”

आत तांदूळ निवडत बसलेल्या तिच्या सासूबाईंनी तिथूनच आवाज दिला, “चितार गो बाय, चितार! वरीसभर घरात बसून नुसती माझ्याशी भांडतेस. तिच्याशी भांड जरा, मला इसावा दे!”

वनिता हसली. वर्षभरात मी ते हसू पाहिलं नव्हतं. “बरं. पण चित्र इथं काढायचं, माझ्या पडवीत. मी वर्गात यायची नाय.” मी तिथल्या तिथे कबूल झाले. तिने काहीही मागितलं असतं तरी मी कबूल झालेच असते.

आणि तिथेच सारं बिघडत गेलं. आम्ही एका दिनदर्शिकेवरचं छायाचित्र समोर ठेवलं: नारळ, नीलमण्यासारखं पाणी, केशरी मावळती. आकाश मी घेतलं, पाणी तिला दिलं. तिने एक युक्ती शोधली. करंगळी आधी कॅनव्हासवर टेकवायची, तिच्या आधाराने ब्रश खाली आणायचा. हात सावकाश चाले, पण चाले. प्रत्येक फटकाऱ्याला मी म्हणायची, “छान!” लाट वाकडी आली, “छान!” रंग चिखल झाला, “वा, वेगळंच काहीतरी!” माझ्या जिभेवर जणू मधाचं बोट ठेवलेलं होतं. ती अधिकाधिक गप्प होत गेली आणि तिचं मौन मला कृतज्ञतेचं वाटत राहिलं. माणूस स्वतःच्या चांगुलपणाच्या इतका प्रेमात पडू शकतो!

एका दुपारी तिने ब्रश खाली ठेवला. “मास्तरीण, खरं सांग, हे कसं दिसतंय?”

“छान दिसतंय.”

“छान?” ती उभीच राहिली. “कूस माझ्या डोळ्यात गेलं, तुझ्या जिभेला काय झालं? डोळा गेला तेवा गावातल्या बाया यायच्या, चुकचुकायच्या, जायच्या. त्यांचं मला काय नाय. पण तूबी? तूबी मला बिचारी समजतेस? बिचारीशी कोण भांडत नाय गो. म्हणून तू भांडत नायस.”

तिच्या चांगल्या डोळ्यात पाणी होतं, दुसऱ्यातही. फूल पडलेला डोळासुद्धा रडू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. करुणा म्हणून मी जे वाढत होते, ते तिच्या पानात पडताना अपमान होऊन पडत होतं. आम्हा दोघींत सौजन्याचं एक लांबलचक अंगण पसरलं होतं आणि त्याच्या पल्याड ती वर्षभर एकटी उभी होती.

मी चित्राकडे पुन्हा पाहिलं. पहिल्यांदाच, खरोखर पाहिलं. “भयंकर आहे,” मी म्हणाले. “तुझ्या लाटा म्हणजे ताटात वाढलेल्या जिलब्या आहेत.”

 मग वनिता अशी खदखदून हसली की सासूबाई निवडायचं सूप हातात घेऊन दारात आल्या. “जिलब्याच हायत!” ती पदराने डोळे पुसत म्हणाली. “आता कसं! अगो, मी समुद्र धड बघितलाय कधी? लग्न झाल्यावर एकदा नेलेलं, तेवा गर्दीत लोकांच्या पाठीच बघून आले. न बघितलेलं कसं चितारणार?”

बघायचं ठरलं. तिचा दीर प्रकाश टेम्पोने भाजी पोचवायला वसईकडे जात असे. मार्गशीर्षातल्या एका पहाटे भेंडीच्या टोपल्यांच्या पुढे, केबिनमध्ये दाटीवाटीने बसून आम्ही निघालो आणि उन्हं वर येता येता प्रकाशने आम्हाला एका निवांत किनाऱ्यावर उतरवलं. “भाजी उतरवून येतो, वयनी. फार आत जाऊ नका,” त्याने बजावलं.

सुरूच्या झाडांतून आम्ही बाहेर आलो आणि दोघीही थबकलो. समुद्र निळा नव्हताच! तो करडा होता, तपकिरी होता, मातकट होता. त्याच्या अंगावर कुठे शिशाची झाक होती, कुठे फिक्या ताकाची. ओहोटी लागलेली होती. पाणी दूर गेलं होतं आणि त्याने मागे ठेवलेली ओली वाळू आकाश अंगावर घेऊन चकाकत होती.

“अगो,” वनिता हळूच म्हणाली, “ह्यो तर आपल्या चिखलणीचा रंग. आवणाच्या, लावणीच्या टायमाला खाचरात असतो, तोच. ह्यो मला येतो चितारायला!”

टेम्पोपासून तिने माझा दंड धरलेला होता. मुळं आली की मी सांगत होते, खड्डा आला की थांबवत होते. वाळूत शिरल्यावर तिची पकड सैल झाली. तिने पुढे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मान पूर्ण वळवून उजवीकडेही पाहिलं. कुठेच काही नव्हतं. पायरी नाही, उंबरा नाही, फांदी नाही, खुंटा नाही. नुसती सपाटी, थेट पाण्यापर्यंत.

“इथं अडखळायला कायच नाय गो!” ती म्हणाली आणि तिने माझा हात सोडला.

आधी ती चालली. मग भरभर चालली. मग साडी गुडघ्यापर्यंत खोचून, दोन्ही हात पसरून ती पळत सुटली. माझी वनिता, जी वर्षभर स्वतःच्या अंगणातसुद्धा भिंत धरून चालत होती! तिच्या पावलांखाली वाळू क्षणभर पांढरी पडत होती आणि पुन्हा ओली होत होती. मी तिच्यामागे धावले नाही. एवढं शहाणपण मला तोवर आलेलं होतं.

पाण्याच्या कडेशी मी तिला गाठलं, तेव्हा ती क्षितिजाकडे बघत होती. “मास्तरीण, ती रेघ किती लांब असेल?”

मी एक डोळा मिटून पाहिलं, मग दोन्हींनी पाहिलं. काहीही फरक पडला नाही. इतक्या दूरचं दोन डोळ्यांनाही मोजता येत नाही; तिथे साऱ्यांचंच जग सपाट होतं. क्षितिजापुढे आपण सगळेच एका डोळ्याचे, नाही का? “मलाही कळत नाही,” मी म्हणाले. माझं हे उत्तर दयेचं नव्हतं. ते तिला कळलं असावं, कारण ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. प्रकाशच्या हाका येईपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो.

पुढच्या रविवारी मी वाडीत पोचले तर वनिता कॅनव्हाससमोर सुरी घेऊन उभी. पाण्याची सारी निळाई तिने खरवडून काढली होती. नारळ गेले होते. आणि माझी मावळती, जिच्यावर मी कित्येक दुपारी खर्ची घातल्या होत्या, जिच्या केशरातून जांभळ्यात विरणाऱ्या छटांवर माझा मनोमन फार जीव होता, ती मावळती डाव्या अर्ध्या भागातून नाहीशी झाली होती.

“हे काय केलंस?” मी किंचाळलेच.

“तुझं आभाळ खोटं हाय. लय गोड झालंय. त्या पाण्यावर असलं आभाळ होतं का? तूच सांग.”

“मला विचारायचंस तरी!”

“विचारलं असतं तर तू छान म्हणाली असतीस.”

आम्ही भांडलो. असं भांडलो की पेंढ्यातली मांजर उठून गेली. मी तिला अडाणी म्हटलं, तिने मला साखरेची बाहुली म्हटलं. शेवटी सुरी माझ्यासमोर धरून ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, “अर्धं तुझ्यासाठी ठेवलंय. सगळं मी नाय पुसलं. तुझं आभाळ हाय, तूच पूस. नायतर तसंच ऱ्हाऊ दे, मी काय बोलायची नाय.”

मी कॅनव्हाससमोर उभी राहिले. उरलेलं केशर डोळ्यांसमोर लखलखत होतं. सुंदर आणि निर्जीव. मला किनाऱ्यावरचं खरं आकाश आठवलं; पिंजलेल्या कापसासारखं, रंगाचा आव न आणणारं, पाण्याला प्रकाश देऊन स्वतः फिकट राहिलेलं. मी सुरी घेतली. पहिला ओरखडा जड गेला. दुसऱ्यापासून हात हलका होत गेला आणि शेवटी शेवटी तर मला त्यात मजाच वाटू लागली.

मग खरं काम सुरू झालं. क्षितिजाची रेघ ओढायची कशी, हा प्रश्न होता. तिला अंतराचा भरवसा नव्हता आणि माझी रेघ कधी सरळ येत नसे. तिने शिवणाचा दोरा गेरूच्या पुडीत घोळवला. एक टोक तिने धरलं, एक मी. दोरा ताणला, सुतार सूत मारतात तसं मधोमध बोटाने उचलून सोडला. टण्ण! कॅनव्हासवर एक तांबूस, सरळ, निःशंक रेघ उमटली. वरचं माझं, खालचं तिचं, असं ठरलं होतं. पण तिचा करडा वर चढला, माझा फिका पांढरा खाली उतरून तिच्या ओल्या वाळूत मिसळला, आणि काही दिवसांनी कुठला फटकारा कुणाचा हे आम्हालाही सांगता येईना. तिचा हात पूर्वीसारखा झाला असं मी म्हणणार नाही. तो वेगळा झाला. पूर्वी तो चपळ होता. आता तो स्पर्श करण्याआधी थांबत होता, आणि त्या थांबण्यातून जो फटकारा येई त्याला वजन असे. बिघडलं तिथे मी स्वच्छ सांगितलं. तिनेही मला सोडलं नाही. काम संपलं, तेव्हा पडवीत पेंढ्याशेजारी एक मातकट, ओला, श्वास घेणारा समुद्र उभा होता.

प्रदर्शन मुरबाडला भरलं, शेजारच्या म्हसा गावाच्या जत्रेच्या दिवसांत. जत्रेला निघालेली, जत्रेतून परतणारी माणसं सभागृहात डोकावत होती. वनिता येणार नाही अशी मला धास्ती होती. पण ती आली. नवी साडी नेसून, काळा चष्मा न लावता आली आणि चित्राशेजारी उभी राहिली. सरांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.  नुसती मान हलवून पुढे गेले. ज्यांना सरांचं बोलघेवडेपण माहीत आहे, त्यांना त्या मौनाची किंमत कळेल.

दुपारी एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांच्या खांद्यावर जत्रेतलं नवं घोंगडं होतं. आजी चित्राजवळ गेल्या. “कुठलं धरण गो ह्ये?”

“धरण नाय आजी, समुद्र हाय,” वनिता म्हणाली.

आजोबा मागे सरकले, पुढे झाले, मान तिरकी करून पाहू लागले. मग शेतकऱ्याने पाण्याविषयी विचारावा तोच प्रश्न त्यांनी विचारला. “पानी येतंय का जातंय?”

“जातंय,” मी म्हणाले.

“येतंय,” वनिता म्हणाली.

दोन्ही उत्तरं एकाच श्वासात आली. आजोबांनी आळीपाळीने आमच्याकडे पाहिलं. “तुमीच चितारलंय ना?”

“वने, आपण गेलो तेव्हा ओहोटी होती. वाळू बघ ना, सगळी उघडी पडली आहे.”

“गेलो तेवा होती. निघताना माझी पावलं भिजली, तेवा पाणी फिरलं होतं. तू आभाळाकडं बघत होतीस, तुला काय कळणार? मी रंगवलंय ते येणारं पाणी.”

“आणि मी रंगवलं ते जाणारं!”

“मग चुकलीस.”

आजी पदर तोंडाला लावून हसत होत्या. आजोबा घोंगडं सावरत म्हणाले, “भांडा बायांनो. आमी तवर बाकीची बघून येतो.”

संध्याकाळी एसटी स्टँडवर बसलो तरी आमचं भरती-ओहोटीचं मिटलं नव्हतं. गाडीला वेळ होता. शेंगदाण्याची पुडी दोघींत उघडी होती. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, “मास्तरीण, पुढल्या साली सरांना सांगू, जोडी नको. तू तुझं चितार, मी माझं.”

 हे ऐकण्यासाठीच तर मी पहिल्या दिवशी लाल मातीच्या त्या रस्त्याने चालत गेले होते. मग ऐकल्यावर आत हे हललं काय? कुणाचा हात आपल्या हातातून सुटतो, तेव्हा सुटण्यासाठीच तो धरलेला होता हे ठाऊक असूनही तळवा थोडा वेळ रिताच राहतो. पण त्या रितेपणात दुःख नव्हतं. तिथे वारा लागत होता, इतकंच.

“आणि मग भांडायचं कुणाशी?” मी विचारलं.

वनिताने पुडीतला शेवटचा दाणा शोधून काढला, बोटांनी चाचपून सोलला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

“भांडायला तू येशीलच की,” ती म्हणाली. “मी काय चितारते ते तुला बघवतंय थोडंच!”